तापलेला आवाज

"हात काढ," ताई म्हणाली.

भावानं कीबोर्डवरचा हात काढला नाही. "तू आत गेलीस तेवढ्यात व्होल्टेज जरासं चढवलंय. वेगही वाढवलाय. एवढं काय आभाळ कोसळलं?"

"काल असंच चढवलंस आणि मशीन अडकलं. दिवसभराचं काम पाण्यात गेलं."

जेवणाच्या टेबलावर मशीन उघडंवाघडं पडलं होतं. एका कंपनीनं भंगारात काढलेल्या सर्व्हरचा जुना प्रोसेसर भावानं मिळवून आणला होता आणि ताई त्याला त्याच्या ताकदीबाहेर पळवत होती. पलीकडच्या खुर्चीत शाल गुंडाळून बाबा बसले होते. आयुष्यभर त्यांनी मैदानावर माईक धरून सामने रंगवून सांगितले. कॅन्सरनं त्यांचं स्वरयंत्र नेलं. आता गळ्याला एक भोक होतं, त्यातून श्वास यायचा, शब्द नाही. त्यांच्या जुन्या टेपा ऐकून मशीन त्यांचा आवाज शिकत होतं. शिकून झालं की बाबा टाईप करणार आणि मशीन त्यांच्या आवाजात बोलणार.

"आजच व्हायला हवं असं कोणी सांगितलंय?"

"संध्याकाळी माझी गाडी आहे. परत कधी जमेल, सांगता येत नाही."

"ऑपरेशनच्या वेळीही तुला सांगता येत नव्हतं."

भावानं उठून खिडकी सताड उघडली. बोचरा वारा थेट मशीनवर आला आणि बाबांवरही. बाबा खोकले. त्या खोकल्याला आवाज नव्हता, नुसती हवा फुसफुसली. दोघांचंही तिकडे लक्ष गेलं नाही. स्क्रीनवरचा तापमानाचा आकडा ब्याण्णववर गेला होता.

बाबांनी चमच्यानं टेबलावर ठकठक केलं.

"बाबा, एक मिनिट," दोघं एकदम म्हणाले.

पंच्याण्णव. मशीनचे पंखे किंचाळायला लागले. गरम प्लास्टिकचा वास सुटला.

"शंभरला ते आपोआप बंद पडेल," ताई म्हणाली. "सरक."

"व्होल्टेज कमी कर. वेगाला हात लावू नकोस."

"वेग तेवढाच ठेवून व्होल्टेज काढलं तर जागच्या जागी अडकेल. दुकान कसलं चालवतोस रे तू? कॉम्प्युटरचं की कांद्याबटाट्याचं?"

"मला शिकवू नकोस!"

"मग कोण शिकवणार? तिथे दुकानात सगळे तुला साहेब म्हणतात, म्हणून इथे येऊन तोरा दाखवतोस!"

तिनं त्याला कोपरानं ढकललं. आधी वेग खाली आणला, मग व्होल्टेज. भावानं टेबलफॅन उचलला आणि दोन्ही हातांनी मशीनवर धरला. पंख्याचं वजन त्याच्या मनगटात उतरत होतं, पण त्यानं हात खाली घेतले नाहीत. आकडा पंच्याण्णववर अडून बसला, मग कुरकुरत खाली यायला लागला. दोघं खांद्याला खांदा लावून उभे होते आणि एकमेकांकडे बघत नव्हते.

"आई गेली त्या वेळीही तू असाच आयत्या वेळी उगवलास," ती स्क्रीनकडे बघत म्हणाली.

"आईला मध्ये आणू नकोस."

"का? झोंबलं?"

तेवढ्यात पडद्यावरची पट्टी भरली. काम पूर्ण झालं होतं. हसलं कोणीच नाही.

"मी वेग वाढवला म्हणून वेळेत झालं," भाऊ म्हणाला.

"मी कमी केला म्हणून झालं."

भावानं एका हातात पंखा धरून दुसऱ्या हातानं कीबोर्ड बाबांच्या पुढ्यात सरकवला. "बाबा, आधी मला हाक मारा. मला निघायचंय."

"तुला का?" ताईचा आवाज चिरकला. "वर्षभर त्यांचा गळा कोणी साफ केला? सांग ना, कोणी केला?"

"केलंस ते बोलून दाखवायलाच केलंस!"

बाबांनी कीबोर्ड जवळ ओढला. एका बोटानं, अक्षर शोधत शोधत टाईप केलं. मग बटण दाबलं.

स्पीकर खरखरला आणि मैदानाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा तो भरदार आवाज त्या खोलीत मावेना.

"बाहेर व्हा. दोघंही."

ताईचा हात तोंडावर गेला. भावाच्या हातातला पंखा तसाच फिरत राहिला. लहानपणी या आवाजानं दोघं एकाच पलंगाखाली लपायचे.

आता कोणीच जागचं हललं नाही.

बाबांनी पुन्हा बटण दाबलं. आवाज पुन्हा आला, तितकाच मोठा, तितकाच चिडलेला. बाबांचे ओठ मिटलेले होते.