बेडरूमचं छत

स्वयंपाकघराच्या छताचं जुनं खडबडीत टेक्श्चर पाणी मारून खरवडलं, तेव्हा खाली स्वच्छ पांढरा चुना निघाला. बेडरूमच्या छतावर मात्र ऑइलपेंटचे थर होते, पाणी मुरेना. रंगारी बशीरचाचांनी खरवडायच्या पत्र्याने चरे पाडून पुन्हा पाणी मारलं आणि पहिला पोपडा पडताच ते थबकले.

"ताई, इथं काय पेटलं होतं?"

पलंगाच्या बरोबर वर छत काजळीने काळंठिक्कर होतं.

नवऱ्याची पहिली बायको स्वयंपाकघरात स्टोव्हच्या भडक्यात जळून गेली, असं सासूने हेमलताला पत्रिका जुळवतानाच सांगितलं होतं.

"चाचा, हे काळं तसंच राहू द्या," ती म्हणाली. "पोलिसांना बघू दे."

मग चाचांची हातोडी घेऊन तिने बेडरूमच्या दाराला बाहेरून बसवलेली कडी घावावर घाव घालत उखडून काढली.