यातली वेडी कोण?

जुन्या चित्रांमध्ये वेडी माणसं कशी रंगवली, या विषयावरच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ माझ्याकडे आलं होतं. मी वेड्यांच्या इस्पितळातल्या बायका काढल्या, एकीमागे एक ओळीनं बसलेल्या. जी ती आपल्या पुढचीची वेणी घालतेय.

संपादकांनी चित्र माझ्याकडे परत सरकवलं. "छानच आहे हो, पण यातली वेडी कोण? हे बघा." त्यांनी टेबलावर तीनशे वर्षांची चित्रं पसरली. जिकडेतिकडे मोकळे केस, तारवटलेले डोळे. "एवढे सगळे चित्रकार काय खुळे होते? संध्याकाळपर्यंत यांचे केस मोकळे करून आणा, नाहीतर काम दुसऱ्याला देतो."

हे चित्र कुणाकडून ऐकून काढलं ते सांगायचं नाही, अशी मला आईची शपथ होती. आणि आई तर मागच्याच खुर्चीत माझ्या तान्हीला थोपटत बसली होती. चापूनचोपून घातलेला अंबाडा, खांद्यावर बाळाचं दुपटं.

संपादक हसत तिच्याकडे वळले. "आजी, आता तुम्हीच समजवा लेकीला. वेडी बाई कधी अशी वेणीफणी करून बसते का?"

आईचा थोपटणारा हात थांबला नाही. दुसऱ्या हाताचं बोट तिनं चित्रावर टेकवलं.



"ही तिसरी बसलीय ना, ती मी. रोज सकाळी आम्ही अशाच बसायचो. केस सोडायला लावायचे ते फक्त फोटोवाला यायचा त्या दिवशी."