वीणा खाली ठेवत नसतात

पवनानगरजवळच्या वाडीत सप्ताहाचा पाचवा दिवस. गाव भातकापणीला गेलेलं. देवळात विठोबासमोर वीणा घेऊन यासिन उभा होता आणि त्याच्यासमोर, बूट काढून, हवालदार कैलास.

"कागद दाखव."

वरून हुकूम होता. धरणाच्या पट्ट्यात राहणारे परदेशी तपासा, कागद नसेल त्याला ठाण्यात आणा. यासिन ब्रह्मदेशातून जीव वाचवून आलेला.

"निर्वासिताचं कार्ड हाय, साहेब. खोलीवर. पण ही..." त्यानं वीणेकडं पाहिलं. सप्ताह उठेपर्यंत ती जमिनीला टेकत नाही. दुसऱ्यानं घेतल्याशिवाय धरणाऱ्याला हलता येत नाही.

"याच्या गळ्यात कुणी घातली?" कैलासनं ओसरीकडं वळून विचारलं.

"आमीच," तिथं भाकरीचं पीठ मळणाऱ्या शालूबाई म्हणाल्या. "पाळीचा मानूस शेतात अडकला. ह्यो रोज येऊन झाडलोट करतो, म्हनलं ऱ्हा उभा. देवाला कुटं कार्ड लागतं?"

"मला लागतं, मावशी. तुम्ही धरा वीणा."

"माजं गुडगं बगा की! तुमी धरा."

"आणि हा पळाला तर? साहेब माझी वर्दी उतरवतील."

"पळाला तर पळाला. वीणा टाकून त्येच्यामागं तुमाला जाता याचं न्हाई." शालूबाई हसल्या.

कैलासनं टोपी काढून वीणा गळ्यात घेतली. रीतीप्रमाणे यासिन त्याच्या पाया पडला. मग कैलासची पाळी. तो जरासा थबकला, आणि वाकला.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. बोट तारेवर, ओठांवर नाम, डोळे मात्र वाटेवर.

यासिन आला. मागं बायको, कडेवर पोरगी, डोक्यावर गच्च बोचकं.

कैलासनं एका हातानं कार्ड उलटसुलट पाहिलं. फोटो, शिक्का, तारीख.

"मुदत आहे. सोमवारी ठाण्यात येऊन नोंद करायची. चुकलास तर मी न्यायला येणार."

"येतो साहेब."

"बोचकं कशाला?"

"पोलीस आले की बांधतो. सवय हाय."

कैलास तार छेडत राहिला.

"पोरीला आधी दोन घास भरव," तो म्हणाला. "मी आहे उभा."

यासिनच्या बायकोनं बोचकं सोडलं. दोरीवरचे कपडे घाईत ओलेच कोंबले होते. पोरीचं एकेक झबलं झटकून ती देवळाच्या कठड्यावर पसरू लागली. ऊन अजून चांगलं होतं.