शिडीने खाली

“ताई, मारू का उडी?”

दहा मीटर उंचीवरून आवाज आला आणि अख्खा तरणतलाव चिडीचूप झाला. वर प्लॅटफॉर्मच्या अगदी कडेला पोरगी उभी होती. पायाची बोटं कडेबाहेर, हात मांड्यांना चिकटलेले. खाली काठावर कॉलेजच्या खेळाडूंच्या समुपदेशक उभ्या होत्या. मुलं त्यांना ताई म्हणत. शेजारी कोच असताना पोरीने विचारलं होतं ते त्यांना.

“म्हणा ना हो,” कोच दातओठ खात पुटपुटले. “मी घसा कोरडा करतोय तासभर. तुमचं ऐकते ती. तुम्ही हो म्हणालात की मारलीच तिने. आज उडी नाही, तर संघात जागा नाही. सांगून ठेवलंय मी तिला.”

म्हणूनच तर ती चढली होती.

मागच्या स्पर्धेत ती पाठीवर आपटली होती. वळ गेले, धास्ती राहिली. ताईंच्या खोलीत खुर्चीच्या टोकावर बसून तिने सांगितलं होतं, “हवेत गेले की वर कुठे, खाली कुठे, काही कळत नाही. अंग माझं राहतच नाही, ताई. पण सरांना नका ना सांगू. तुम्हाला माझी शपथ.” ताईंनी शब्द दिला होता. मोबदल्यात तिच्याकडूनही घेतला होता, की मन सावरेपर्यंत वर चढायचं नाही. पोरीने तो आज मोडला होता. ताईंना मात्र आपला मोडता येत नव्हता.

पलीकडे बाकावर प्राचार्य बसले होते. ते उडी बघायला आले नव्हते, ताईंना बघायला आले होते. ताईंची खोली व्यायामशाळेच्या टोकाला. तिच्या दारात एखादा खेळाडू दिसला, की दुसऱ्या दिवशी कुजबुज व्हायची, ‘गेला हा कामातून.’ त्यामुळे वर्षभरात त्या दारातून आत आली ती ही एकटी पोर. “एक तरी खेळाडू उभा करून दाखवा, मॅडम,” प्राचार्य सकाळीच म्हणाले होते, “म्हणजे पुढच्या वर्षी खोली ठेवायची की नाही ते बघू.”

एका ‘हो’ने सगळ्यांचं भलं होणार होतं. पोरीची जागा राहणार, ताईंची खोली राहणार, कोच खूश. फक्त पोर पाण्यात कशी पडेल, हे एका देवालाच ठाऊक.

“ताई?” वरचा आवाज आता बारीक झाला होता.

देवा, तूच बोल रे माझ्या तोंडून, ताई मनात म्हणाल्या.

“खाली ये, बाळा,” त्यांनी हाक दिली. “शिडीने ये.”

काठावर खसखस पिकली. त्या तलावावर वर जायचं शिडीने आणि खाली यायचं पाण्यातून. शिडीने उतरलेलं माणूस कुणी पाहिलंच नव्हतं.

“अहो, काय करताय काय!” कोच उसळले. “जन्माची खोट बसेल तिच्या मनाला!”

“खोट बसली तर मी बघेन, सर. मान मोडली तर कोण बघणार?”

पोर कडेवरून मागे सरकली. मग वळून बसूनच शिडीपर्यंत आली. एकेक पायरी चाचपत उतरायला लागली. “सर, लिफ्ट बसवून घ्या आता!” कुणीतरी ओरडलं आणि हशा उसळला. ताईंचे कान तापले. या पोरीला आपण चारचौघांत कायमचं हसं करून ठेवलं की काय?

शिडीच्या मधल्या टप्प्यावर संघाचा कॅप्टन आपली पाळी येण्याची वाट बघत थांबला होता. कॉलेजची सगळी पदकं त्याची. नवं कुणी आलं, की कोच त्याच्याकडे बोट दाखवायचे, “भीती कशाशी खातात, हे या पठ्ठ्याला माहीत नाही.” त्याने कठड्याला अंग चोरून तिला वाट दिली. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही.

ती जमिनीवर आली. ताईंनी तिच्या खांद्यांवर टॉवेल टाकला.

“संपलं ना ताई सगळं?”

ताईंनी टॉवेल घट्ट धरून ठेवला. प्राचार्य बाकावरून उठले. “बघायचं ते बघितलं,” एवढंच बोलून ते दाराकडे निघाले. कोचने तर पोरीकडे पाठच फिरवली आणि मान वर करून शिट्टी फुंकली.

“कॅप्टन! चढ वर. दाखव या लोकांना, उडी कशाला म्हणतात ते!”

कॅप्टन हलला नाही.

शिट्टी पुन्हा वाजली. कॅप्टनने वर बघितलं. मग पाठमोरा झाला, दांडी घट्ट धरली आणि एकेक पायरी खाली उतरायला लागला. हशा जागच्या जागी विरला. दाराशी पोहोचलेले प्राचार्य थांबले. कोचना मागे टाकून कॅप्टन थेट ताईंपुढे येऊन उभा राहिला.

“ताई, तुमच्या खोलीत मला येता येईल? आत्ता?”

“तुला?” कोच ओरडले. “तुला रे काय धाड भरलीय?”

“सर,” तो म्हणाला, “गेलं वर्षभर मी डोळे मिटून उड्या मारतोय.”