जोडसोबत

"अगंबाई, तुमचेही गुडघे का?" असं म्हणत बाईंनी सोबतिणीच्या मांडीवरून हात पलीकडे नेला आणि मावशींच्या गुडघ्यावर ठेवला. बागेतल्या बाकावर सोबतीण दोघींच्या मधोमध बसली होती, पण तिची आठवण दोघींनाही राहिली नव्हती. वीस मिनिटं झाली, तिच्या नाकासमोरून सुना, जावई आणि मोतीबिंदू इकडून तिकडे जात होते. तिला घाम फुटला होता.

मंदीच्या आधी प्रत्येकीला स्वतंत्र तास असायचा. परगावची मुलं सोबतिणी पुरवणाऱ्या ऑफिसात फोन करून आईला सोबत लावायची. फिरायला, गप्पांना, डॉक्टरकडे जायला. मग त्या मुलांच्याच नोकऱ्या डळमळल्या आणि घरखर्चातून सगळ्यात आधी कात्री लागली ती आईच्या गप्पांना. तेव्हा ऑफिसच्या मॅडमनी जोडसोबत काढली. दोन म्हाताऱ्या, एक सोबतीण, एक तास, दर निम्मा. युक्ती नामी होती. दोन एकट्या बायकांना शेजारी बसवलं की त्या एकमेकींशीच बोलू लागतात, एवढं काय ते मॅडमच्या ध्यानात आलं नव्हतं.

ते आलं तळ्याकाठच्या दोन आजोबांमुळे. त्यांची अशी काही गट्टी जमली की 'आमचे आम्ही भेटतो' म्हणून त्यांनी सोबतच बंद केली, आणि त्यांची सोबतीण घरी बसली. चौदा जणींतल्या आता पाच उरल्या होत्या. काल मॅडमनी हिला बाजूला घेऊन सांगितलं, "तुझी जोडी सुटली तर तूही सुटलीस. जमू देऊ नकोस त्यांचं. कसं ते तू बघ."

कारखाना बंद पडल्यापासून नवरा घरात होता. चूल हिच्या पगारावर पेटायची. दुसरं काम शोधायचं म्हटलं तर दुकानांवर 'जागा नाही' अशी पाटीसुद्धा कुणी लावत नव्हतं, कारण विचारायलाच कुणी जात नव्हतं.

"मी काय म्हणते," बाई मावशींना म्हणाल्या, "उद्यापासून तुम्ही सरळ माझ्याकडेच या की. दोन तर गल्ल्या मधे. या पोरीला कशाला रोज उन्हातान्हाची दगदग?" आणि त्यांनी सोबतिणीचा गाल मायेनं थोपटला.

"येईन की," मावशी खुलून म्हणाल्या. "घरात भिंतींशी बोलून बोलून त्यांनाही कंटाळा आलाय माझा."

दोघी खो खो हसल्या. तीही हसली, कारण हसणं कामातच होतं. तिला दोघीही मनापासून आवडायच्या, त्याचाच जास्त त्रास होत होता.

ऑफिसात प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक कार्ड असे. औषधं, आवडीनिवडी आणि तळाशी 'टाळायचे विषय'. ते सोबतिणीनं पाठ करायचं आणि कुणापाशी बोलायचं नाही. बाईंच्या कार्डावर तळाशी एकच विषय होता: मोठं हॉस्पिटल. बाईंचे यजमान तिथेच वारले. रात्रभर पाणी मागत होते, आणि नर्स आलीच नाही. मावशींच्या कार्डावर टाळण्याजोगं काहीच नव्हतं.

"मावशी," ती म्हणाली. आवाज अगदी नेहमीसारखा निघाला, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. "बाईंना सांगितलंत का, तुम्ही नोकरी कुठे केलीत ते?"

"विषयच निघाला नाही बघ!" मावशी ताठ बसल्या. "मोठ्या हॉस्पिटलात हो. नर्स होते मी. चौतीस वर्षं. पुरुषांचा वॉर्ड."

बाईंचा हात मावशींच्या गुडघ्यावरून उचलला गेला.

"रात्रपाळी असायची?" बाईंनी विचारलं.

"असायची म्हणजे! दोन वॉर्डांना मी एकटी. हॉस्पिटलला तरी माणसं परवडायची कुठे?"

"झोप येत असेल."

"भिंतीला पाठ टेकली की लागायचा डोळा कधी कधी. माणूसच ना शेवटी," मावशी भाबडेपणानं म्हणाल्या.

बाकाची कड धरून बाई हळूहळू उठल्या. गुडघा दुखत असणार, पण मदतीला पुढे आलेला सोबतिणीचा हात त्यांनी घेतला नाही. "मला वेगळी वेळ मिळते का विचार तुझ्या ऑफिसात," त्या मावशींकडे न बघता म्हणाल्या. "महाग पडली तरी चालेल. आठवड्यातून एकदाच ये हवं तर." आणि फाटकाकडे चालू लागल्या.

मावशी त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या. सोबतीण खाली मान घालून बसली. नोकरी वाचली होती, आणि तिला ओरडून रडावंसं वाटत होतं.

"माझं काही चुकलं का गं?" मावशींनी विचारलं.

"नाही हो मावशी. त्यांचा स्वभावच तसा आहे."

मावशींनी तिचा हात दोन्ही हातांत धरला. म्हातारीच्या पकडीत एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"तू तरी खरी आहेस बघ," मावशी म्हणाल्या. "तू नको हं जाऊस."

तास संपून दहा मिनिटं झाली होती. तिनं एकदा हात सोडवून पाहिला, मग तसाच राहू दिला.