भोंगा वाजल्यावर

"भोंगा वाजला! वर या सगळे!" मावशीने काठावरून हाक मारली.

नदीच्या मधोमध खडकावर उभ्या असलेल्या दोघांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग फोटोग्राफरकडे. त्याने कॅमेऱ्यावरचा डोळा काढलाच नाही. नुसती डाव्या हाताची पाच बोटं वर केली. पाच मिनिटं.

फोटोग्राफर तिचा सख्खा भाचा. गाडी, परवानग्या, कपडे बदलायचा तंबू, औषधांची पेटी, त्याच्या कामातलं असलं सगळं तीच बघायची; आणि लग्नाआधीचे फोटो काढून घ्यायला आलेली जोडपीही तासाभरात तिला मावशी म्हणू लागायची. सकाळीच तिने धरणावर फोन करून विचारून घेतलं होतं. चार वाजता दरवाजे उघडणार, त्याआधी दहा मिनिटं भोंगा. साडेतीनला सगळे पात्राबाहेर, असं तिने भाच्याला दोनदा बजावलं होतं. वर कागदावर लिहून त्याच्या बॅगेत ठेवलं होतं. तो हो हो करत होता. पालथ्या घड्यावर पाणी.

"अरे, ऐकू येतंय का तुला?"

"येतंय गं. भोंगा म्हणजे अजून दहा मिनिटं, तूच म्हणालीस ना? दहा मिनिटांत मी शंभर फोटो काढतो. असा उजेड परत मिळायचा नाही."

हे तो काठावरच्या उंच दगडावरून बोलत होता. कोरड्या पायांनी.

"मावशी, घोट्याएवढं तर पाणी आहे!" खडकावरून नवरामुलगा हसत ओरडला. "बुडायचं म्हटलं तर आडवं पडावं लागेल!"

नवरीमुलगी हसली नाही. पांढऱ्या घोळदार झग्याचा घेर दोन्ही हातांत गोळा करून ती त्याला काहीतरी विचारत होती. तो मान हलवून नाही म्हणत होता.

"हनुवटी वर," फोटोग्राफर म्हणाला. "झगा सोडा. आणि हसायचंय."

मावशीच्या मस्तकात तिडीक गेली. ती तशीच पाण्यात उतरली.

काठापासून खडक वीस पावलांवर. पाचव्या पावलाला पाणी पोटरीला लागलं, दहाव्याला गुडघ्याला. मघाशी तळाचे गोटे मोजून घ्यावेत इतकं नितळ होतं. आता तिला स्वतःचे पाय दिसेनात. दरवाजे आधीच उघडले की भोंगाच उशिरा वाजला, देव जाणे. खडकाशी पोचताच तिने पोरीचं मनगट धरलं.

"चल."

"अहो पण, ते म्हणताहेत की..."

"चल म्हणते ना!"

झगा पाणी प्यायला आणि ओल्या पोत्यासारखा जड झाला. अर्ध्या वाटेत पोरगी गुडघ्यावर आपटली. मावशीने मनगट सोडलं नाही. तिला फरफटत ओढलं. नवरामुलगा मागून मावशीचा खांदा धरून येत होता. पाणी कमरेला लागलं होतं. वरून एकसारखा आवाज येत होता. क्लिक, क्लिक, क्लिक. हात द्यायला कुणी खाली उतरलं नाही.

काठाच्या मुरमावर तिघं पोचली तेव्हा मावशीने वळून पाहिलं. खडक दिसत नव्हता. त्या जागेवरून पानांसकट एक अख्खी फांदी गरगरत गेली.

नवरीमुलगी मटकन खाली बसली. तिचे दात वाजत होते. भाचा दगडावरून उतरून आला आणि त्याने मावशीच्या खांद्यावर हात टाकला.

"झालं का काही? उगाच केवढी आरडाओरड! पण खरंच, मानलं तुला. माय मरो, मावशी जगो म्हणतात ते काय खोटं?"

मावशीने तो हात झटकला.

"हिची माय घरी वाट बघतेय हिची. काय सांगणार होतास तिला? उजेड छान होता म्हणून?"

त्याने बटणं दाबत एक फोटो शोधला. मग कॅमेऱ्याचा पडदा त्याने नवऱ्यामुलाकडे फिरवला.

"हा बघा."

फोटोत मागून गढूळ पाण्याचा लोट येत होता. नवरीमुलीचे केस वाऱ्यावर उडालेले, तोंड अर्धवट उघडं, डोळे मोठे. एका कडेने चौकटीत एक हात आला होता. सावळा, कोपरापर्यंत भिजलेला. त्याने तिचं मनगट आवळून धरलं होतं.

"बाप रे," नवरामुलगा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला. "असा फोटो कुणाकडेच नसेल!"

"नसणारच. हा हात तेवढा काढून टाकतो. कुणाला कळणारही नाही."

मावशीने खिशातून गाडीच्या किल्ल्या काढल्या आणि त्याच्या बॅगेवर टाकल्या.

"तू कशाला तसदी घेतोस? मीच काढून घेतला बघ."

"अगं, चिडतेस काय अशी? मावशी! उद्याचं काम कोण बघणार?"

ती रस्त्याकडच्या चढाला लागली होती. थोडं वर गेल्यावर मागे दगडांवरून ओलं कापड घासत आल्यासारखा आवाज झाला. नवरीमुलगी येत होती. झगा पिळायलाही ती थांबली नव्हती. तिच्या मनगटावर चार बोटं लालबुंद उमटली होती.

"अगं, तू कुठे निघालीस?" खालून नवऱ्यामुलाचा आवाज आला. कॅमेरा त्याच्याच हातात होता. "बघून तरी जा! काय सुंदर दिसतेयस यात!"

मनगट चोळत ती चढत राहिली.