बारक्या तारेची झणझण

"या कात्रीला एकदा धार लावून घे गं," तो वैतागून म्हणाला. गिटारच्या पिशवीची चेन कधीच तुटली होती आणि तोंडाशी बांधलेली नायलॉनची दोरी काही केल्या कापली जात नव्हती. "नुसती चघळतेय."

"माझ्या कपड्यांच्या कात्रीला दोरीबिरी लावायची नाही, कितीदा सांगितलं," बायको शिलाई मशीनवरून म्हणाली. तिच्या उजव्या हाताच्या बोटांना चिकटपट्ट्या होत्या.

"बोटांना काय झालं?"

"शिवणारीच्या बोटांना काय होतं?"

"शिवताना बोटाला टोपण घालत जा," म्हणून त्याने दोरीची गाठ दातांनी सोडवली. आज त्याला दुसऱ्या कुणाच्या बोटांची काळजी करायला सवड नव्हती.

वर्षभर परगावच्या शाखेत बदलीवर राहून तो नुकताच परतला होता. बँडमधली त्याची जागा, लग्नाच्या आधीपासूनची, त्याची वाट बघत असेल असं तो धरून चालला होता. पण तो यायच्या आधीच बँडच्या मास्तरांनी त्या जागेसाठी सगळ्या इच्छुकांकडून रेकॉर्डिंग मागवली होती, तीही बिननावाची, नुसता फोन नंबर लिहून. यानेही परतल्यावर घाईघाईत पाठवलं. काल मास्तरांचा फोन आला.

"तुझी बारकी तार झणझणतेय रे. मी दुसरं निवडलं. आणि गंमत म्हणजे, त्यातली गिटारही तुझीच आहे. तिचा आवाज मी झोपेतही ओळखेन. हात मात्र तुझा नाही."

"मग कुणाचा?"

"उद्या संध्याकाळी त्या नंबरवर फोन करतो, मग कळेल."

तेव्हापासून त्याचं टाळकं फिरलं होतं. जागा जात होती ती जातच होती, वर ती त्याच्याच गिटारवर वाजवून कुणीतरी पळवली होती. बायकोला त्याने हे सांगितलंच नाही. गाण्याबजावण्यातलं तिला ओ की ठो कळत नाही, असं तो पाहुण्यांना कौतुकाने सांगत असे. लग्न झाल्यावर एकदा तिने 'मलाही शिकवा ना' म्हटलं होतं. तेव्हा तो इतका हसला होता की तिने पुन्हा तो विषय काढला नाही.

दुरुस्तीवाला ओळखीचा होता, बडबड्याही. त्याने गिटार अँप्लिफायरला न जोडताच मांडीवर घेतली आणि बारकी तार मोकळी छेडली. झण्ण. मग मानेवरच्या पहिल्या आडव्या पट्टीवर, फ्रेटवर, बोट दाबून छेडली. आवाज स्वच्छ आला.

"दाबली की गप्प, सोडली की कुरकुर. म्हणजे दुखणं वरच्या टोकाला," तो म्हणाला. मानेच्या टोकाशी तारा ज्या खाचांमधून जातात, त्या हाडाच्या बारीक पट्टीला त्याने भिंग लावलं. "ही खाच कुणी रुंद केली? यात जाडी तार बसेल. बारकी बिचारी लोळतेय."

"जाडी तार तिथे कशाला जाईल?"

"तारा उलट्या लावल्या की जाते." त्याने गिटार पालथी केली. "गळ्यात अडकवायच्या पट्ट्याचा स्क्रूसुद्धा खालच्या अंगाला लावून परत जागेवर आणलाय. भोक बघा, ताजं आहे. साहेब, तुमची गिटार कुणीतरी डावखुऱ्याने वाजवलीय. आणि चांगली मन लावून वाजवलीय."

डावखुरा! बँडमध्ये डावखुरा एकच होता. ड्रम वाजवणारा ढोल्या, त्याचा शाळेपासूनचा जिवलग. आणि वर्षभर गिटार होती तालमीच्या खोलीत, जिची किल्ली ढोल्याकडे असे.

दुरुस्तीवाल्याने हाडाची पूड आणि गोंद भरून खाच बुजवली, सुकल्यावर नवी कापली. तारेची झणझण गेली. त्याच्या डोक्यातली मात्र वाढतच गेली.

ढोल्या तालमीच्या खोलीत ड्रमचं कातडं ताणत बसला होता.

"माझ्या गिटारला हात लावलास?"

"मी? मला धड सा लावता येत नाही, लेका."

"मग किल्ली कुणाला दिलीस?"

ढोल्याने पुन्हा कातडं ताणायला घेतलं. त्या टाळण्यानेच याचा जीव जळला.

"तारा उलट्या लावल्या होत्या. डावखुऱ्याचं काम आहे. तुझ्याशिवाय आहे कोण डावखुरा?"

ढोल्याने हातातलं काम थांबवून त्याच्याकडे नीट बघितलं. "खरंच तुला दुसरं कुणी आठवत नाही?"

"नाही!"

"मग मी काय सांगू? मी शब्द दिलाय."

"शब्द मला द्यायचास की त्या चोराला? तुला भाऊ मानला मी. माझ्या पाठीत वार करताना लाज नाही वाटली?" त्याचा आवाज फाटला. "आजपासून तू मला मेलास."



घरी येऊन तो खुर्चीत कोसळला आणि बायकोला त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं. रेकॉर्डिंग, खाच, स्क्रू, डावखुरा, ढोल्या. सांगता सांगता त्याला रडूच आलं. ती टेबलावर कापड अंथरून, खडूने खुणा करत ऐकत होती.

"ढोल्याला फार बोललात," ती म्हणाली.

"बोलू नको तर काय? दिवसाढवळ्या फसवलंय मला. अगं, इतक्या जवळच्या माणसाने!"

तिने मान खाली घातली. दुरुस्तीवाल्याने पिशवीचं तोंड पुन्हा दोरीने करकचून बांधलं होतं. त्याने टेबलावरची कात्री ओढून दोरीला लावली. कात्री पुन्हा नुसती चघळत राहिली.

"तुला सकाळीच सांगितलं होतं, धार लावून घे!"

"धार आहे तिला," ती म्हणाली. त्याच्या हातून कात्री काढून तिने डाव्या हातात धरली आणि दोरी एका फटक्यात कापली.

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. तिने तो कानाला लावला.

"हो मास्तर, मीच बोलतेय," ती म्हणाली. "गिटार ना? आत्ताच दुरुस्त होऊन आलीय. तारा तेवढ्या पुन्हा उलट्या लावून घेते."